बोलण्याची मुभा आणि बोलण्याचा खर्च



नववीच्या वर्गात लोकशाही हक्कांचा धडा चालू होता. भारतीय राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे, हे वाक्य फळ्यावर लिहून झाले आणि मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"सर, यात सरकारचे काम काय? सरकारने मध्ये पडूच नये. ज्याला बोलायचे तो बोलेल, ज्याला ऐकायचे तो पैसे देऊन ऐकेल. चांगले असेल ते टिकेल, वाईट असेल ते बंद पडेल. दुकानांचे असेच तर होते!"

मुलाच्या वडिलांचे न्यू मार्केटमध्ये दुकान आहे. साहजिकच वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या विचारवंतांनी ज्यावर वाद घातला तोच हा प्रश्न आहे. सगळे काही बाजारावर सोपवले, तर बोलण्याचे स्वातंत्र्य टिकेल का? तेवढ्यात तास संपला आणि उत्तर अर्धवट राहिले. ते आज येथे पुरे करण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. उदाहरणे आपल्या प्रांतातली आहेत, आपल्या माणसांची आहेत, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण तर आपल्या या भोपाळ शहराचे आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडू

शुद्ध मुक्त बाजार म्हणजे काय? जिथे जमीन, कागद, छापखाना, सभागृह, दूरध्वनीच्या तारा, सगळे काही कोणाच्या तरी खासगी मालकीचे आहे आणि खरेदी-विक्रीनेच हातात येते. सरकारचे काम एवढेच, की चोरी होऊ द्यायची नाही आणि केलेले करार पाळायला लावायचे. असा समाज पूर्णपणे कुठेच अस्तित्वात नाही. पण विचार करण्यासाठी तो डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही.

अशा समाजात तुम्ही काही बोललात म्हणून पोलीस तुम्हाला पकडणार नाहीत. ही फार मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखू नये. पण बोलणे लोकांपर्यंत पोहोचवायचे तर कागद लागेल, छपाई लागेल, वाटप लागेल. या प्रत्येकाला खर्च आहे आणि प्रत्येकाला मालक आहे. म्हणजे येथे दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, बोलण्याची मुभा. दुसरी, बोलणे ऐकू जावे एवढे साधन. आपण नेहमी पहिलीबद्दलच बोलतो. दुसरी विसरतो.

सप्रे यांची दोन पत्रे

हा फरक ज्यांनी स्वतः भोगला असे एक गृहस्थ आपल्याच प्रांतात होऊन गेले. पंडित माधवराव सप्रे. जन्म १८७१, दमोह जिल्ह्यातील पथरिया. घरची भाषा मराठी, पण आयुष्यभर सेवा केली ती हिंदीची. दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हे दोन्ही ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्यांचे नाव माहीत असायलाच हवे.

जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा या लहानशा गावातून 'छत्तीसगढ मित्र' नावाचे हिंदी मासिक सुरू केले. पेंड्रा येथे ते शिक्षकी करत होते. त्या भागात तेव्हा वाचक थोडे, वर्गणी देणारे त्याहून थोडे. मासिकाचा दर्जा उत्तम होता. हिंदीतील पहिल्या मौलिक कथांपैकी एक मानली जाणारी त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा १९०१ साली याच मासिकात आली. एका जमीनदाराला आपल्या वाड्यापुढची जागा वाढवायची असते, म्हणून तो एका गरीब विधवेची झोपडी बळकावतो, आणि तिच्या एका साध्या बोलण्याने त्याचे डोळे उघडतात, अशी ती कथा. तीन वर्षे तोटा सोसून डिसेंबर १९०२ मध्ये मासिक बंद पडले. कोणी बंदी घातली नाही, जप्ती आणली नाही. पैसे संपले, एवढेच.

पुढे १९०७ मध्ये सप्रे यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' काढला. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'तले विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश. १९०८ साली इंग्रज सरकारने राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्रे यांना अटक केली. पुढे माफीपत्रावर सही करून त्यांची सुटका झाली. त्या सहीची खंत त्यांना इतकी लागली की काही काळ ते सार्वजनिक जीवनापासून दूर जाऊन मठात राहिले आणि माधुकरी मागून जगले.

एकाच माणसाची दोन पत्रे. एकाचा आवाज तिजोरी रिकामी झाल्याने बंद झाला, दुसऱ्याचा सरकारच्या दंडुक्याने. दुसऱ्या प्रसंगाची आपण इतिहासात नोंद करतो, त्याला दडपशाही म्हणतो. पहिल्याला नावसुद्धा नाही. 'चालले नाही' एवढे म्हणून आपण मोकळे होतो.

बाजाराची बाजू

आता न्यायाने बाजाराची बाजूही ऐकली पाहिजे. ती दुबळी नाही.

जिथे सगळे छापखाने सरकारचे असतात तिथे काय होते हे सोव्हिएत रशियाने दाखवून दिले. 'प्रावदा' पक्षाचा, 'इझ्वेस्तिया' सरकारचा, आणि तिसऱ्याला कागद मिळण्याची सोयच नाही. सरकारला न आवडणारे छापायचे तर छापणाऱ्याचे पोट सरकारवर अवलंबून नसावे लागते. वाचकाच्या खिशातून येणारा पैसा हे वृत्तपत्राचे पहिले कवच असते.

आपल्या देशात जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. त्यानंतर पूर्वतपासणी सुरू झाली. 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदवला. त्याचे मालक रामनाथ गोएंका हे उद्योजक होते आणि छापखाना त्यांचा स्वतःचा होता. मालमत्ता खासगी होती म्हणून कोरी जागा सोडण्याइतके तरी बळ शिल्लक राहिले.

त्याआधीचे एक उदाहरण पुण्याचे आहे. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ साली सुरू केलेला 'सकाळ' आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांच्या काळात येत असे. सरकारने १९५६ साली कायदा केला आणि १९६० साली त्याखाली आदेश काढला. वृत्तपत्राने किती पानांना किती किंमत घ्यायची हे सरकार ठरवणार! हेतू चांगला सांगितला होता. मोठी, श्रीमंत वृत्तपत्रे कमी किमतीत जास्त पाने देऊन लहान पत्रांना गिळतात, ते थांबवायचे होते. 'सकाळ' तेव्हा आठवड्याचे पाच दिवस सहा पाने आणि एक दिवस चार पाने देई. अंकाची किंमत होती सात नवे पैसे. आदेश पाळायचा तर किंमत आठ पैसे करायची किंवा पाने कमी करायची. किंमत वाढवली तर वाचक तुटणार, पाने घटवली तर मजकूर तुटणार. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ साली न्यायालयाने निकाल दिला की ही बंधने घटनाबाह्य आहेत. खप कमी करणे म्हणजे विचारांचा प्रसार कमी करणे, आणि धंद्यावर नियंत्रण ठेवण्याच्या नावाखाली अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य कापता येणार नाही.

विद्यार्थ्यांनी या खटल्यातली मौज लक्षात घ्यावी. सरकार म्हणत होते, आम्ही लहानांना मोठ्यांपासून वाचवतो आहोत. दुखणे खरे होते, मोठे मासे लहान माशांना खातातच. पण औषध असे होते की त्याने बोलणाऱ्याचाच गळा आवळला गेला. तेव्हा बाजाराच्या दोषांवर 'सरकारने सगळे ठरवावे' हे उत्तर नव्हे, हा पहिला धडा येथे पक्का होतो.

पैसे देऊनही जागा नाही

मग वर्गातल्या त्या मुलाचे म्हणणे बरोबरच ठरले का? अजून नाही. कारण बाजाराचा नियम असा, की ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला माल मिळतो. बोलण्याच्या बाबतीत हा नियमसुद्धा नेहमी पाळला जात नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १८९१ सालचा, आपल्याच मध्य प्रदेशातील महू येथला. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. ज्यांना तोंड असून बोलू दिले गेले नाही, त्यांचा नायक. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापायला तेव्हाच्या 'केसरी'ने नकार दिला, ही गोष्ट मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. राजद्रोहासाठी तुरुंग सोसलेल्या संपादकाचे ते पत्र! सरकारपुढे ज्याने मान तुकवली नाही, त्याच घराने दुर्बलाला जागा नाकारली. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. पत्र खासगी, पान खासगी, मालकाची इच्छा.

बाजाराचे समर्थक म्हणतील, "एका दुकानाने नाकारले तर दुसरे दुकान काढावे." बाबासाहेबांनी तेच केले होते. पण दुकान काढायला भांडवल लागते आणि चालवायला गिऱ्हाईक लागते. 'मूकनायक'ला उभे राहण्यासाठी कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ते देणे बाजाराचे नव्हते, ते एका जाणत्या राजाचे होते. आणि वाचक? ज्यांच्यासाठी पत्र होते ते देशातले सर्वांत गरीब लोक, त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळखही होऊ दिलेली नव्हती. 'मूकनायक' १९२३ पर्यंत बंद पडले. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. तेही १९२९ मध्ये थांबले. लिहायला विषय नव्हते म्हणून नव्हे, द्रव्यबळ नव्हते म्हणून.

बाजारात मागणी मोजतात ती पैशांत. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची गरज कितीही मोठी असो, बाजाराच्या वहीत तिची नोंद होत नाही. दुकानाच्या बाबतीत याचा अर्थ गरिबाला साडी मिळत नाही एवढाच. बोलण्याच्या बाबतीत याचा अर्थ गरिबाचे दुःख कोणाला कळतच नाही.

आपल्या शहराची गोष्ट

आता भोपाळकडे येऊ.

भोपाळमध्ये राजकुमार केसवानी नावाचे एक तरुण पत्रकार होते. 'रपट' नावाचे लहानसे हिंदी साप्ताहिक ते काढत. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन एका कामगाराचा मृत्यू झाला. तो केसवानींच्या ओळखीचा होता. हे असे का झाले याचा शोध ते घेऊ लागले. कारखान्यातल्या माणसांशी बोलले, रसायनांची माहिती वाचली, मिळतील ती कागदपत्रे मिळवली. मे १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून सुरक्षेतल्या अनेक गंभीर त्रुटी नोंदवल्या होत्या. लोकांना त्याचा पत्ता नव्हता.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये 'रपट'मध्ये एकामागून एक लेख आले. या शहराला वाचवा, भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे, अशा अर्थाचे त्यांचे मथळे होते. केसवानींनी मुख्यमंत्र्यांनाही पत्र लिहिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधानसभेत कारखान्याचा प्रश्न निघाला. कामगारमंत्र्यांनी उत्तर दिले की कारखाना हा काही लहानसा दगड नाही, उचलून दुसरीकडे ठेवायला. त्यात पंचवीस कोटी रुपये गुंतलेले आहेत.

'रपट'ला जाहिरातींचे पाठबळ नव्हते आणि ते फार काळ चालले नाही. पण केसवानींनी विषय सोडला नाही. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता' या दिल्लीच्या दैनिकाने त्यांचा लेख ठळकपणे छापला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत २ आणि ३ डिसेंबरच्या मधली ती रात्र आली. पुढचे भोपाळच्या मुलांना सांगावे लागत नाही. आपल्या शाळेत असे एकही वर्ष गेले नसेल की ज्या वर्षी एखाद्या तरी वर्गात एखाद्या मुलाच्या घरी त्या रात्रीची आठवण नाही. जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला येथल्या वस्त्यांतले लोक झोपेत होते. हजारो माणसे मेली आणि लाखोंच्या शरीरात ती रात्र कायमची राहिली.

केसवानींना पुढे पत्रकारितेचे मानाचे पुरस्कार मिळाले. २०२१ मध्ये कोरोनाच्या साथीनंतरच्या आजारपणात त्यांचे भोपाळमध्येच निधन झाले. या शहराने त्यांचे ऐकले असते, तर त्यांचे नाव आज कोणाला ठाऊकही नसते. आणि त्यांना ते नक्कीच चालले असते.

सूचनेला भाव का येत नाही

आता हे लक्षात घ्या. 'रपट'वर कोणी बंदी घातली नव्हती. केसवानींना कोणी तुरुंगात टाकले नव्हते. कलम १९ शाबूत होते. बोलण्याची मुभा पूर्ण होती. तरीही बोलणे पोहोचले नाही.

येथे एक कबुली दिली पाहिजे. १९८२ चा भारत हा काही शुद्ध मुक्त बाजार नव्हता. परवाने होते, नियंत्रणे होती, कारखान्यांवर देखरेख करणारी सरकारी खाती होती, आणि ती आपल्या कामात कमी पडली. विधानसभेतले उत्तर बाजाराने नव्हे, सरकारने दिले होते. उलट 'जनसत्ता' हे खासगी समूहाचे पत्र होते आणि त्यानेच लेख छापला. तेव्हा सगळा दोष बाजाराच्या माथी मारणे खोटेपणाचे होईल.

पण एक गोष्ट या घटनेतून स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. धोक्याची सूचना ही अशी वस्तू आहे की जिला बाजारात भाव येतच नाही. कारणे तीन.

पहिले कारण, तिची गरज ज्यांना सर्वांत जास्त असते त्यांना ती विकत घेता येत नाही. कारखान्याच्या भिंतीला लागून झोपडी बांधणारा माणूस साप्ताहिकाची वर्गणी भरत नाही.

दुसरे कारण, वृत्तपत्राला गिऱ्हाईक दोन असतात. एक वाचक, दुसरा जाहिरातदार. समजा एक अंक तयार करायला पंधरा रुपये लागतात आणि वाचक पाचच देतो, तर उरलेले दहा जाहिरातदार देतो. दुकानदार मोठ्या गिऱ्हाइकाला दुखवत नाही, हे आपण रोज पाहतो. त्यासाठी कोणी धमकी द्यावी लागत नाही. ज्यांच्यावर पोट आहे त्यांच्याविषयी वाईट बातमी शोधायला कोणी फारसा उत्साहाने जात नाही, इतकेच पुरे होते. सरकारही मोठा जाहिरातदार आहे, हे येथे विसरू नये.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. बाजार मालाची परीक्षा वापरून करतो. आंबा गोड निघाला तर पुढच्या वर्षी त्याच गाडीवर गर्दी होते. सूचनेचे असे होत नाही. सूचना ऐकली आणि दुरुस्ती झाली, तर काहीच घडत नाही. मग लोक म्हणतात, 'उगाच आरडाओरड केली होती.' सूचना ऐकली नाही, तरच ती खरी होती हे सिद्ध होते. पण तेव्हा तिची किंमत देणारे जिवंत नसतात. जी वस्तू उपयोगी पडली तर खोटी वाटते आणि खरी ठरली तर निरुपयोगी झालेली असते, तिला दुकानात भाव कसा येणार?

बाजारात करमणूक विकली जाते, स्तुती विकली जाते, रागही विकला जातो. यात गैर काही नाही. स्तुती तर कधी कधी बातमीच्या वेषातही विकली जाते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांच्या कौतुकाचा मजकूर पैसे घेऊन बातम्या म्हणून छापला गेल्याचे उघडकीस आले. एकच मजकूर शब्दाला शब्द परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण लावून धरले आणि प्रेस कौन्सिलला त्यासाठी उपसमिती नेमावी लागली. स्पर्धा असली की खरे आपोआप वर येते, असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा.

आता तर सगळेच मोबाइलवर

काही पालक म्हणतील, "हा जुन्या काळचा हिशेब झाला. आता कागद नको, छपाई नको. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. केसवानींनी आज एक चित्रफीत टाकली असती तर तासाभरात भोपाळभर झाली असती."

यात तथ्य आहे. बोलण्याचा खर्च खरोखर कमी झाला आहे. पण ऐकणाऱ्याचे लक्ष हा आता माल झाला आहे. हजारो आवाजांतून कोणता आवाज तुमच्यासमोर यावा हे काही थोड्या कंपन्यांची यंत्रणा ठरवते, आणि ज्याने तुम्ही जास्त वेळ खिळून राहाल ते ती पुढे करते. कारखान्याच्या झडपांवरचा लेख आणि दोन नटांचे भांडण यांत पुढे कोण जाईल हे मुलांनाच विचारा.

आणि सरकारी दंडुकाही गेलेला नाही. २०१२ साली महाराष्ट्रात पालघर येथे फेसबुकवरच्या एका साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलमाखाली अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. मुभा राखायला न्यायालय लागले, हेही ध्यानात ठेवावे. न्यायालय हे काही बाजारातले दुकान नव्हे.

मग उत्तर काय?

नववीतल्या त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे. बाजार बोलण्याच्या स्वातंत्र्याचा शत्रू नाही. सरकारपासून बचाव करायला तो उपयोगी आहे, आणि 'सकाळ'चा खटला त्याची साक्ष आहे. पण एकट्या बाजाराच्या भरवशावर हे स्वातंत्र्य टिकणार नाही. मुभा राहील, आवाज मात्र ज्याला परवडेल त्याचाच राहील. आणि समाजाला ज्या बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते, ते बोलणे नेमके तोट्याचे असते.

तोटा कोणी तरी सोसावा लागतो. सप्रे यांनी सोसला, बाबासाहेबांनी सोसला, केसवानींनी सोसला. पण काही थोड्या माणसांच्या त्यागावर सगळ्या शहराची सुरक्षितता सोडून देणे ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही. तो भार वाटून घेता येतो. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेले 'साधना' साप्ताहिक हे त्याचे आपल्या भाषेतले उदाहरण. आणीबाणीत त्याच्यावर जप्तीची कारवाई झाली, तरी ते उभे राहिले. त्यामागे विश्वस्त निधी होता, वर्गणीदार होते, देणगीदार होते. हा पैसा सरकारचा नव्हता आणि नफ्यासाठीही नव्हता. आपली शाळा, आपले ग्रंथालय, आपला समाज हे सगळे अशाच पैशावर उभे आहेत. सरकार आणि बाजार यांच्यामध्ये ही जी तिसरी जागा आहे, तिथेच तोट्याचे पण गरजेचे बोलणे जगू शकते.

भोपाळमध्ये माधवराव सप्रे यांच्या नावाचे समाचारपत्र संग्रहालय आहे. ते १९८४ साली, म्हणजे गॅसकांडाच्याच वर्षी सुरू झाले. जुनी वृत्तपत्रे आणि नियतकालिके तिथे जतन करून ठेवली आहेत. त्यांतली कितीतरी तोट्यात जाऊन बंद पडलेली आहेत. बाजाराने ज्यांना रद्दी ठरवले, त्यांना तिथे कपाट मिळाले आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना या वर्षी तिथे न्यावे, अशी माझी शाळेला विनंती आहे.

आपल्या घरापुरते आणि शाळेपुरते

शेवटी तीन साध्या गोष्टी.

विद्यार्थ्यांनो, बातमी वाचताना एक प्रश्न विचारायची सवय लावा. हे सांगण्यासाठी पैसे कोणी दिले? आणि त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न. पैसे देणारा कोणी नाही म्हणून मला काय सांगितले गेले नसेल?

पालकांनो, महिन्याकाठी एखाद्या चांगल्या नियतकालिकाची वर्गणी भरा, निदान एका तरी. फुकट वाचता येते तरी भरा. आपण गिऱ्हाईक म्हणून फुकटाच्या मागे जाणार, पण नागरिक म्हणून थोडी पदरमोड केली पाहिजे.

विश्वस्त मंडळींना एक नम्र सूचना. या वार्तापत्राची मागची पाने जाहिरातींची असतात. त्या जाहिराती देणाऱ्या सद्गृहस्थांचे आपण ऋणी आहोत, त्यांच्याशिवाय अंक निघणार नाही. पण प्रत्येक अंकात अर्धे पान असे ठेवू या की जे विकले जाणार नाही. त्यावर मुलांनी शाळेतल्या आणि वस्तीतल्या अडचणी लिहाव्यात. जिन्याचा कठडा हलतो, पाण्याच्या टाकीचे झाकण उघडे असते, प्रयोगशाळेत हवा खेळत नाही, असे काहीही. मजकूर खरा आहे ना आणि भाषा सभ्य आहे ना, एवढेच संपादकांनी पाहावे. कोणाला आवडेल, कोणाला नाही, हे पाहू नये.

त्यातल्या बऱ्याच तक्रारी क्षुल्लक निघतील. काही चुकीच्याही असतील. ज्या खऱ्या निघतील त्या दुरुस्त होतील आणि मग काहीच घडणार नाही. कोणी पडणार नाही, कोणाला इजा होणार नाही. त्या अर्ध्या पानाचा काही उपयोग झाला असे कोणाला वाटणारही नाही.

तसे वाटू नये, हीच इच्छा. या शहराने त्याउलट काय होते ते पाहिले आहे.